खोडरबर जप्त

आमच्या वहिनींनी या शहरातल्या निम्म्या माणसांना तरुण करून सोडलं आहे, आणि त्यातल्या एकानेही कधी त्यांचे आभार मानलेले नाहीत. मानणार कसे? आपण मुळातच असे दिसतो, अशी त्या सगळ्यांची प्रामाणिक समजूत आहे.

वहिनी एका फोटो स्टुडिओत रिटचिंग करायच्या. बत्तीस वर्षं. रिटचिंग म्हणजे फोटो काढून झाल्यावर त्यातला माणूस दुरुस्त करणं. सुरुवातीला हे काम निगेटिव्हवर चालायचं. खालून दिवा लावलेल्या तिरक्या काचेवर निगेटिव्ह ठेवायची आणि सुईसारखं टोक काढलेल्या पेन्सिलीने एकेक सुरकुती बुजवायची. मग बारीक ब्रश आला, मग कॉम्प्युटर आला. हत्यारं बदलली, आठ्या, मुरुमं आणि डोळ्यांखालच्या पिशव्या त्याच राहिल्या. स्टुडिओच्या मालकांनी पहिल्याच दिवशी त्यांना धंद्याचं सार सांगून टाकलं होतं, "माणूस घरच्यांना ओळखू आला पाहिजे आणि त्याला स्वतःला आवडला पाहिजे. या दोहोंच्या मध्ये जेवढी जागा सापडेल, तेवढ्यात आपलं पोट."

त्यामुळे वहिनींबरोबर बाजारात जाणं म्हणजे मोठी करमणूक. समोरून एखादे भारदस्त गृहस्थ आले की वहिनी हळूच म्हणणार, "भाऊजी, यांचा डावा कान मी बसवलाय हं." बँकेतल्या एका साहेबांनी घरच्यांच्या ग्रुप फोटोत नेमके डोळे मिटले होते. वहिनींनी शेजारी उभ्या असलेल्या मेहुण्याचे डोळे उचलून त्यांना लावले. पुढे साहेबांचं आणि मेहुण्याचं वाजलं, येणंजाणं बंद झालं, पण फोटो दिवाणखान्यात आहे आणि साहेब अजून मेहुण्याच्या नजरेने स्वतःच्या सोफ्याकडे बघत असतात.

गंमत अशी की वहिनींना ही नोकरी मिळाली ती चित्रांमुळे. शाळेत त्यांच्या वह्यांची मागची पानं पुढच्या पानांपेक्षा लवकर भरायची. जो समोर दिसेल त्याचं चित्र, आणि ते असं नेमकं, की गणिताच्या बाईंनी एकदा वही फाडायला म्हणून हातात घेतली, स्वतःचं नाक पाहिलं, तेवढं पान काढून पर्समध्ये ठेवलं आणि वही मुकाट्याने परत केली. हा हात स्टुडिओच्या मालकांच्या कानावर गेला आणि एकोणिसाव्या वर्षी वहिनी कामाला लागल्या. तिथे चित्र थांबलं. कोणी बंदी घातली नव्हती. पण दिवसाचे आठ तास लोकांचे चेहरे पुसून आल्यावर माणसाला आणखी एक चेहरा बघायची वासनाच राहत नाही. दादाशी लग्न झालं तेव्हासुद्धा त्यांनी पहिले काही महिने त्याच्याकडे नीट पाहिलं नसावं, असा आमचा संशय आहे. संसार टिकला तो त्यामुळेच.

मग लोकांचे फोनच एका बोटात सुरकुत्या पुसायला लागले आणि मालकांनी स्टुडिओचं शटर कायमचं खाली ओढलं. वहिनी एक्कावन्नाव्या वर्षी घरी बसल्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी आपली कपाटं आवरली, दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्यावर येऊन आमची आवरली, आणि तिसऱ्या आठवड्यात, आता आवरायला काही उरलं नाही म्हणून, चित्रकलेची वही आणि पेन्सिली घेऊन आल्या.

पहिलं चित्र दादाचं. दादा पेपर वाचत बसला होता, त्याला कल्पनाही नव्हती. चित्र हातात आल्यावर तो उठून उभा राहिला. "वा! वा! अगदी फोटोसारखं!"

वहिनींचा चेहरा पडला. कारण ते खरंच फोटोसारखं होतं. विजेचे मीटर तपासत उन्हातान्हात तीस वर्षं फिरलेला, छप्पन्न वर्षांचा दादा त्यात सोललेल्या बदामासारखा दिसत होता. पोट नाही, आठी नाही, आणि डोक्यावर एवढे केस, की जे त्याच्याकडे लग्नातही नव्हते. दादा ते चित्र घेऊन बाथरूममधल्या आरशापुढे जाऊन आला आणि म्हणाला, "आरसा जुना झालाय."

मग वहिनींनी माझं काढलं, आमच्या हिचं काढलं, दूधवाल्याचं काढलं. सगळे एकाच साबणाच्या वडीतून कापल्यासारखे. एका दुपारी मी खाली गेलो तर त्या शाळेतली एक जुनी वही उघडून बसल्या होत्या.

"भाऊजी, सोळाव्या वर्षी मला समोरच्याचं नाक दिसायचं," त्या म्हणाल्या. "आता नाक दिसायच्या आधी त्याची दुरुस्ती दिसते. स्टुडिओ बंद झाला, मी घरी आले, पण माझा हात अजून तिथेच नोकरी करतोय."

"येईल हो परत. सवय असते एकेक."

"नाही आला तर मी पुन्हा पेन्सिल धरणार नाही. नुसतं पुसायचंच असेल तर घरात फरशी आहे की."

त्या हसत म्हणाल्या, पण वही मिटताना त्यांनी ती ज्या पद्धतीने मिटली, त्यावरून मला काही हसू आलं नाही.

इथे माझ्या आईला आणणं भाग आहे. आई म्हणजे वहिनींच्या सासूबाई. वय ब्याऐंशी. एका मोठ्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं नोकरी करून ती मेट्रन म्हणून निवृत्त झाली, म्हणजे हॉस्पिटलातून. घरात तिने पदभार सोडलेला नाही. आम्ही तिच्या माघारी तिला मेट्रनच म्हणतो आणि हे तिला ठाऊक आहे. तर वहिनींनी आवरलेल्या कपाटांच्या वर धूळ राहिली आहे का, हे तपासायला मेट्रनबाई स्टुलावर चढल्या आणि घोटा मोडून खाली आल्या. खाली पडल्या पडल्या पहिलं वाक्य, "वर धूळ आहे." सहा आठवड्यांचं प्लास्टर बसलं. आयुष्यात पहिल्यांदाच आई खिडकीशी एका खुर्चीत गप्प बसली. गप्प हा शब्द मागे घेतो. बसली.

वहिनींना न हलणारं माणूस मिळालं. त्यांनी तासभर खपून चित्र काढलं आणि आईच्या हातात दिलं.

"ही कोण?" आईने विचारलं.

"आई, तुम्हीच."

"मी? ही तर नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आलेली पोर दिसतेय. हिला मी थर्मामीटरसुद्धा हातात देणार नाही." मग चष्मा वर करून, "आणि माझी चामखीळ कुठंय?"

आईच्या नाकाच्या डाव्या बाजूला वाटाण्याएवढी चामखीळ आहे.

"राहिली वाटतं."

"राहिली कशी? छत्तीस वर्षं माझ्याबरोबर ड्युटी केलीय तिनं. भूल उतरताना पेशंट आधी तिला ओळखायचे, मग मला. काढ."

वहिनींनी काढली. आई बघत होती.

"पुसलीस."

"नाही हो, काढली आता."

"काढलीस आणि डाव्या हातानं पुसलीस. मी काय आंधळी आहे?"

वहिनींनी कागद पाहिला. चामखीळ नव्हती. डाव्या हातात खोडरबर होतं. ते तिथे कधी आलं, हे त्यांना सांगता येईना. पुन्हा काढली. पुन्हा गेली. तिसऱ्या वेळी दादा जवळ येऊन पहारा करत उभा राहिला, तरी गेली. "मी बघत होतो," दादा म्हणाला, "पण कळलं नाही. पाकीटमार बरे."

वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी वही मिटली आणि मांडीवर ठेवली. डोळे भरले होते. "सांगत होते ना मी. गेला माझा हात. सोडा आता."

आईने हात पुढे केला. "रबर इकडे."

"काय?"

"रबर. इकडे."

या आवाजावर एकेकाळी मोठमोठ्या डॉक्टरांनी सिगारेटी विझवल्या आहेत. वहिनींनी मुकाट्याने खोडरबर दिलं. आईने ते बुडाखाली ठेवलं. आमच्या घरात याहून भक्कम तिजोरी नाही.

"पेन्सिलपण दे. आणि तू रे, तुझ्या खिशातलं पेन दे तिला." दादाने दिलं. "आता ऐक. पेशंटच्या कागदावर खोडायचं नसतं. रबर नाही, ब्लेड नाही, गिरवणं नाही. चुकलं तर त्यावर एक आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर लिहायचं आणि सही करायची. खालची चूक वाचता आली पाहिजे. नवीन पोरी लाजायच्या, कागद घाण दिसतो म्हणायच्या. मी म्हणायचे, दिसू दे. ड्युटीवर येणाऱ्या पुढच्या बाईला कळायला नको, आधी काय झालंय ते?"

"पण आई, चित्रावर सह्या?"

"मार. होऊन होऊन किती होतील?"

वहिनींनी वहीचं कोरं पान उघडलं आणि पेन धरलं. पहिलीच रेघ, जबड्याची, भलतीकडे गेली. डावा हात मांडीवर काहीतरी शोधायला लागला. अंधारात नसलेली पायरी शोधावी तसा. काही सापडेना. मग त्यांनी रेघेवर रेघ मारली, बारीक सही केली, आणि शेजारी दुसरी रेघ काढली. मग गाल चुकला. सही. कानाला दोन सह्या. दादा मोठ्याने मोजत होता. "सतरा! अगं, आमच्या ऑफिसात बदलीचा अर्जसुद्धा एवढ्या सह्यांवर सुटत नाही!"

विसाव्या सहीनंतर वहिनी सही करायला विसरल्या. मी वर जायला म्हणून जिन्यात आलो होतो, मला तिथून दिसलं: आईच्या ते लगेच लक्षात आलं. जिने उभ्या आयुष्यात कोणाची राहिलेली सही सोडली नाही, ती माझी आई खिडकीबाहेर बघत बसली आणि एक अक्षर बोलली नाही. याबद्दल मी तिचा जन्मभर ऋणी राहीन.

आणि मग वहिनी हसायला लागल्या. चित्र काढता काढता, एकट्याच, दातांत जीभ धरून. बोटांना शाई, गालाला शाई. काय झालं ते मी जवळ गेल्यावर कळलं. जबड्याची चुकलेली रेघ आणि बरोबर रेघ, दोन्ही तिथेच राहिल्या होत्या, आणि दोन्ही मिळून आईचा खराखुरा ओघळलेला जबडा तयार झाला होता. गालाच्या चार चुका म्हणजे गालच होता. ओठांभोवती त्या रेघा होत्या, ज्या पेशंटच्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर घालवण्याआधी छत्तीस वर्षं ओठ आवळून येतात. चामखीळ कधी आली ते वहिनींनाही आठवत नव्हतं. ती मध्येच येऊन बसली होती, आईसारखीच, कोणाला न विचारता.

आईने कागद हातभर लांब धरला. बराच वेळ बघितलं.

"हं. ही मी." मग थोड्या वेळाने, "बरीच म्हातारी झालेय की गं. कोणी कळवायचं तरी."

वहिनी खाली वाकल्या आणि त्यांनी आईचा प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी धरला. "आई, तुमचे उपकार मी..."

"उपकार राहू देत. उशी सरकली आहे, ती सरळ कर."

उरलेल्या पाच आठवड्यांत आईची एकतीस चित्रं झाली. मग घरातल्या वस्तू सुटेनात, माणसं सुटेनात. माझंही चित्र झालं. त्यात मला दोन हनुवट्या आहेत आणि तिसरीसाठी जागा राखून ठेवली आहे. आमच्या हिने ते फ्रिजच्या दारावर लावलं आहे आणि हेतू विचारला तर सांगत नाही. पण एक कबूल करतो. फ्रिज उघडताना मला रोज असं वाटतं, की कोणीतरी आपल्याकडे खरंच पाहिलं होतं. वयाच्या पन्नाशीत हे भाग्य कितीजणांच्या वाट्याला येतं?

बातमी पसरली तशा स्टुडिओच्या एक जुन्या गिऱ्हाईक बाई आल्या. त्यांना हाताने काढलेलं मोठं चित्र हवं होतं, सोनेरी चौकटीत. दादा तर दारावर पाटी लावायला निघाला. वहिनी म्हणाल्या, "नको हो. गिऱ्हाईक समोर बसलं की माझा हात लगेच कामावर जातो. किती खटपटीनं घरी आणलाय त्याला." मग बाईंना म्हणाल्या, "तुमचं चित्र मी आनंदानं काढते. फक्त मला दिसतं तसं, आणि कागद माझ्यापाशीच राहील." बाईंना एकदम आठवलं की त्यांचं गॅसवर काहीतरी आहे.

परवा संध्याकाळी मी चहाला खाली गेलो. आईचं प्लास्टर निघालं आहे, ती काठी घेऊन घरभर राउंड घेते. दादा कामावरून नुकताच आला होता. एक बूट काढला होता, दुसरा काढायला वाकला होता, एक हात भिंतीला.

"अगं, चहा..." त्याने सुरुवात केली.

"अहो, हलू नका!" आतून वहिनींचा आवाज आला, आणि पाठोपाठ वही घेऊन त्या स्वतः.

दादा तसाच थांबला. एका पायावर, अर्धा वाकलेला, पोट सुटलेलं, टक्कल सरळ दिव्याखाली. मी म्हटलं, "दादा, निदान पोट तरी आत घे."

"गप रे," तो ओठ न हलवता म्हणाला. "तिला तसंच हवंय."

वीस मिनिटं तो तसा उभा होता. त्याच्या तोंडावर असं काही समाधान होतं, की ते कागदावर कसं उतरेल कोण जाणे. चहा शेवटी आईने काठी टेकत आत जाऊन स्वतः केला. साखर घालायला विसरली. आम्ही सगळ्यांनी तो मुकाट्याने प्यायला, आणि दादाने तर एका पायावरच.