काचेवरचा एक मिलिमीटर

त्या दुकानदाराला मी अजून माफ केलेलं नाही. घासाघिशीत समोरच्यानेही थोडं ताणून धरायचं असतं. त्याने फार लवकर नाद सोडला.

मुलगी तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. तिला कांद्याच्या पेशींची मापं घ्यायची होती. वर्गातल्या एकाच विद्यार्थ्याचं काम कॉलेजतर्फे प्रदर्शनाला जाणार होतं आणि मॅडमनी तिचं नाव जवळजवळ ठरवलं होतं. म्हणून मी वापरलेला, पण चांगल्यातला मायक्रोस्कोप बघायला गेलो. त्याच्या डोळ्याकडच्या भिंगात बारीक रेघांची पट्टी बसवलेली होती. दुकानदाराने त्याशिवाय एक वेगळी काच काढली. तिच्या मधोमध केसाएवढी खूण.

"शेठ, ये भी लो. एक मिलीमीटर है, उसके सौ हिस्से. इसके बिना नाप नहीं होगा."

किंमत ऐकून मी भडकलो. "एक मिलीमीटर का इतना? मेरे यहाँ टन में माल आता है!"

"जैसी आपकी मर्ज़ी," म्हणून त्याने काच डबीत परत ठेवली आणि मायक्रोस्कोप तेवढा बांधून दिला. अजून एकदा म्हणाला असता, तर मी घेतली असती. अजूनही मला तसंच वाटतं.

भाईंदर पूर्वेला माझा स्टीलच्या भांड्यांचा कारखाना आहे. सुरुवात मी दुसऱ्याच्या कारखान्यात पॉलिशच्या चाकावर केली. पत्र्याची जाडी मोजायचा व्हर्नियर कसा धरायचा हे मला कुणी दाखवलं नाही, बघून बघून शिकलो. त्यामुळे मोजमापात मला कुणी काही सांगावं, हे मला खपत नसे.

रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तिने कांद्याचा पापुद्रा काचेवर पसरला, आयोडीनचा थेंब टाकला आणि डोळा लावला. पेशी पट्टीवरची पंचवीस घरं लांब भरली.

"बाबा, एक घर म्हणजे नक्की किती, ते दुसऱ्या काचेवरून ठरवावं लागतं."

"काच कशाला? घर एक दशांश मिलिमीटरचं, मायक्रोस्कोपच्या पेटीवर लिहिलंय. दोन्ही भिंगं मिळून शंभर पट मोठं करतात. भाग शंभराने."

"पण पट्टी वरच्या भिंगाच्या आत आहे. ते भिंग पेशीबरोबर पट्टीलाही मोठं करतं ना? मग त्याचे दहा पट धरायचेच नाहीत, नुसतं खालच्या..."

"मला मोजमाप शिकवतेस?" मी टेबलावर हात आपटला. पापुद्रा सरकला. बायको आतून म्हणाली, "अहो, सकाळी सकाळी कशाला?"

मुलीने मान खाली घालून वहीत लिहिलं, पंचवीस मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मग पेशीचं दहा सेंटिमीटर लांब चित्र काढलं, भागाकार केला आणि चित्राखाली लिहिलं, चार हजार पट.

पुढच्या आठवड्यात प्रदर्शनासाठी दुसऱ्याच मुलीचं नाव लागलं. मी तडक कॉलेजात गेलो. वशिला, ओळखपाळख, तोंडाला येईल ते बोललो. मॅडम भाईंदरजवळच्या डोंगरीहून रोज बसने येणाऱ्या, हळू आवाजात बोलणाऱ्या. माझं संपेपर्यंत थांबल्या आणि वही उघडून माझ्यासमोर ठेवली.

"चार हजार पट? हे चित्र फार तर चारशे पट आहे. माप दहापटीने लहान आलंय. ही मुलगी अशी चूक करत नाही. कुणी सांगितलं हिला?"

मुलगी दाराशी उभी होती. म्हणाली, "मीच चुकले, मॅडम."

माल परत पाठवणाऱ्या व्यापाऱ्यांना मी दोन-दोन तास ऐकवतो, आणि तिथे माझं तोंड उघडलं नाही. परतताना रिक्षात ती पार कडेला बसली होती. मधल्या जागेत तिसरा माणूस मावला असता.

पुढच्या वर्षी तिने तो विषय सोडला. आता पुण्यात नोकरी करते. रविवारी आईला फोन येतो. माझ्या वाट्याला "बरं आहे" एवढंच.

गेल्या महिन्यात मी माळ्यावरून मायक्रोस्कोप काढला. त्याच दुकानात गेलो, काच मागितली आणि त्याने सांगितली ती किंमत दिली. त्याने माझ्याकडे दोनदा बघितलं. घरी येऊन काच भिंगाखाली सरकवली. पट्टीची शंभर घरं काचेवरच्या एका मिलिमीटरवर बरोबर बसली. म्हणजे एक घर दहा मायक्रॉनचं. मग कांदा सोलला. मला सापडलेली पेशीही पंचवीस घरांचीच होती. अडीचशे मायक्रॉन, पाव मिलिमीटर. पाव मिलिमीटरचा पत्रा मी नुसत्या बोटांनी ओळखतो. तेवढी पेशी मी केसाहूनही बारीक करून टाकली होती.

रविवारी फोन मी उचलला.

"अडीचशे आले," मी म्हणालो. "काच आणली. तुझं बरोबर होतं."

ती म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा. तेव्हाच."

"मग तसं लिहिलंस कशाला?"

"तुम्ही ओरडत होता."

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी भांडलो असतो, भांडण मला जमतं. मी विचारलं, "जेवलीस का?"

"हो. आई आहे का जवळ?"

मी फोन बायकोकडे दिला. टेबलावर पापुद्रा वाळून काचेला चिकटला होता. तो नखाने खरवडत बसलो.