रंगाऱ्याचा हात आणि लेकीचा मासा

लेक नर्सिंग शिकायला नाशिकला गेली, तेव्हा तिचा गोल्डफिश काचेच्या टाकीसकट माझ्या हवाली करून गेली. जोडीतला एक आधीच मेला होता. उरलेल्याला तरी सांभाळा, असं तिने दारात दोनदा बजावलं.

मी गुजरातेत, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पंचवीस वर्षं कापड रंगवतोय. कापड कितपत तापलंय ते चिमटीत धरून सांगतो. मशीनचा काटा चुकेल, याचा हात चुकणार नाही, असं आमचे डाइंग मास्तर चारचौघांत म्हणतात आणि मला ते ऐकायला फार आवडतं. मग मे महिना कितीही तापो, टाकीला थर्मामीटर कशाला? रोज ड्यूटीला निघताना पाण्यात हात घालायचो. गारच लागायचं.

एका रविवारी दुपारी मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागला.

"पानी तपेल से," बायको म्हणाली.

मी हात घातला. "थंडच से ना."

तिने स्वतः हात घातला आणि माझ्यावर डोळे वटारले. "तुम्हना हातले काय समजस?"

खरंच होतं. ज्या हाताची एवढी शेखी मिरवली, त्याला तापलेलं कापड धरून धरून कोमट आणि गार यातला फरकच कळेनासा झाला होता. लेकीला आता काय तोंड दाखवू?

बायको बर्फाचा ट्रे घेऊन आली. ती ओतणार तोच मी तिचं मनगट धरलं. तापलेल्या कापडावर एकदम गार पाणी सोडलं की पडलेल्या सुरकुत्या काही केल्या जात नाहीत. ते सावकाशच निववावं लागतं. माशाचंही तसंच असणार. मी झाकण काढलं, टाकीतला दिवा बंद केला, टेबलफॅनचा वारा पाण्यावर सोडला. फ्रिजमधली गार पाण्याची बंद बाटली तरंगत ठेवायची, जरा वेळाने काढायची, पुन्हा ठेवायची. दर खेपेला पाण्यात हात मात्र बायकोचा.

दिवस कलला तसा मासा तळाशी उतरून खड्यांत तोंड खुपसायला लागला. मला हसू आलं आणि डोळेही भरले.

तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. "पप्पा, माछली जीवे छे ने?" नाशिकला जाऊनही तिची गुजराती सुटलेली नाही.

"जित्ता से," म्हटलं, आणि माझ्याच हातून तो जाणार होता हेही सांगून टाकलं. तिने विचारलं, "आता पाणी कसं आहे?"

मास्तरांपुढे जे शब्द माझ्या तोंडून कधी निघाले नसते, ते आता निघाले.

"थांब, तुन्ही मायले इचारस."