पुलाखालची आणि मी

नदीच्या पाण्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रांच्या नोंदी वेळेप्रमाणे क्रमाने लावणं, ही आमच्या ह्यांची नोकरी. प्रत्येक यंत्राचं घड्याळ थोडं पुढे नाहीतर मागे. हे तो फरक वजा करतात, मग क्रम लावतात. घड्याळाला मात्र हात लावत नाहीत.

जेवतानाही तेच कौतुक. "पुलाखालची ना, जरा पुढे पळते. तिला सांभाळून घ्यावं लागतं."

यंत्राला म्हणे 'ती'! माझा नुसता तिळपापड व्हायचा. एकदा मुद्दाम स्वयंपाकघरातलं घड्याळ अर्धा तास पुढे केलं. म्हटलं, बघू तरी, घरातलं काही दिसतं का! आठवडा गेला, ह्यांनी हूं की चूं केलं नाही. शेवटी मी उसळलेच. "त्या सटवीचं मिनिट न् मिनिट कळतं, आणि माझा अर्धा तास दिसत नाही?"

"पहिल्याच दिवशी दिसला," हे भात कालवत म्हणाले. "तेव्हापासून वजा करूनच निघतो."

"मग नीट का नाही केलंत?"

"तू केलं होतंस ना. सांभाळून घ्यायचं."

म्हणजे मी त्या सवतीच्याच पंगतीला जाऊन बसले! घड्याळ अजून तसंच आहे. मी काही ते मागे करणार नाही.