बनुबाईनं पाडलेली खिडकी

घर बांधावं गवंड्यानं आणि खोली करावी बनुबाईनं, असं तासगावातल्या बायका म्हणत. तिचं काम गिलाव्याचं, सारवणाचं. पण माती कालवण्याआधी ती रिकाम्या खोलीत चारी भिंतींना आळीपाळीनं पाठ टेकून बसायची. कुठं जीव रमतो, कुठं सारखं मागं वळून बघावंसं वाटतं, हे तिच्या पाठीलाच कळे. मग चूल कुठं आणि कोनाडा केवढ्या उंचीवर, ते ती सांगे.

बेचाळीस सालच्या दिवाळीनंतर तिला धरणेंद्र व्यापाऱ्याच्या आईनं, चंपाबाईनं, बोलावलं. सून चंदनबाला सातव्या महिन्यात होती. तिचं पहिलं मूल बाळंतिणीच्या खोलीतच गेलं होतं. आता ती त्या खोलीत पाऊल टाकायला तयार नव्हती. कोपऱ्यात कुणीतरी उभं असतं, म्हणायची. चंपाबाईचं म्हणणं एवढंच, की पांढऱ्या मातीचा हात फिरवून खोली उजळ करावी.

बनुबाई आत बसली. खोलीला साधा झरोकाही नव्हता. बाजेच्या उशाशी धान्याची कणगी आणि कणगीमागं काळामिट्ट कोपरा. तिथं पाठ टेकताच हाक आली.

"आये, उजेड कर."

हाक ओळखीची होती. चार वर्षांमागं तिची लेक अंजना बाळंत झाली. वारं लागंल असं सुईण म्हणाली, म्हणून बनुबाईनं स्वतःच्या हातानं खिडकीत चिंध्या कोंबल्या, वरून लिंपलं. आत शेगडीचा धूर. तिसऱ्या दिवशी अंजना गेली. धुरानं गेली की तापानं, कुणी सांगू शकलं नाही. तेव्हापासून बंद खोलीत बसलं की ही हाक यायचीच.

बनुबाई बाहेर आली आणि खिडकीसाठी भिंत फोडायला लागेल म्हणाली. चंपाबाईनं साफ नकार दिला. बाळंतिणीला वारं बाधतं.

बनुबाईनं मान वर केली नाही. "आक्का, माझ्या लेकीची खिडकी म्या लिंपली. ती उजेड मागत हुती, म्या दिला न्हाई. आता ह्या हातानं अंधारी खोली व्हायची न्हाई."

चंपाबाईनं खोलीचं दार सताड उघडलं. मग म्हणाली, "बाजंवर वारं येऊ देऊ नगंस."

पूर्वेच्या भिंतीत उंचावर खिडकी पाडली. कणगी हलवली, कोपरा मातीनं भरून गोल केला, दार समोर दिसेल अशी बाज फिरवली. चंदनबालेला आणलं तेव्हा ती कोपऱ्याकडंच बघत राहिली. तिथं आता कुणी नाही ना, असं तिनं विचारलं. खोटं बोलणं बनुबाईच्या जिवावर आलं.

"तूच बसून बघ, बाळ."

चंदनबाला भिंतीला टेकून बसली, आणि दुपारी तिथंच झोपली.

माघात मुलगी झाली, धडधाकट. बारशाला बनुबाई आली, बाहेर सोप्यातच बसली. पोरीला मांडीवर घेऊन तिचे तळवे चोळत राहिली. चंदनबालेनं दोनदा खोलीत बोलावलं. आत ती हाक पुन्हा आली तर, म्हणून बनुबाई उठली नाही.

"तू हायस न्हवं आत? मग झालं," म्हणाली, आणि वडूजला काम धरलंय असं सांगून निघाली.