रास उघडणारा हात

माझ्या बहिणीच्या गावचा इनास आमच्या फोर्टातल्या कचेरीत आयुष्यात एकदाच आला, आणि तो भावोजी गेल्याचं सांगायला. टोपी हातात धरून दारात उभा होता. आमच्या शिपायाने त्याला "किसको मंगता है?" म्हणून दोनदा हटकलं, तरी हा आपला माझ्याकडे बोट करून गप्प. मी उठून बाहेर गेलो तेव्हा म्हणाला, "दादा गेला, भाऊ. पहाटंला." एवढंच. मी त्याला बाकावर बसवलं, पाणी दिलं, साहेबाला सांगून येतो म्हणालो... आणि जिना चढताना माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आजचा भाव आता कुणाला सांगायचा? दहा वर्षांच्या सवयीला लाज नसते. दर शनिवारी संध्याकाळी मी भाईंदरला उतरायचो, खाडीच्या कडेकडेने राई गावाला चालत जायचो आणि बहिणीच्या घरी चप्पल काढायच्या आत भावोजी विचारायचे, "काय मेहुणे, काय म्हणतोय बाजार?" या गोष्टीला आता सव्वा महिना होऊन गेला, तरी शनिवार आला की मी शेअरबाजाराच्या बाजूने एक चक्कर मारतोच.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, काशिनाथ. गावाला काशीदादा. राईत त्यांची भातशेती आणि मिठागरातला वाटा. मेहुणा म्हटला की चेष्टा आलीच, पण आमच्यात पहिली खोडी त्यांनी काढली. ताईच्या लग्नानंतर मी पहिल्यांदा गेलो तर मला मिठागर दाखवायला नेलं आणि म्हणाले, चपला काढा, देवाची जागा आहे. मी भाविकपणे काढल्या. नव्या चपलांनी सोललेले माझे पाय त्या खाऱ्या पाण्यात पडले आणि मी जो नाचलो, तो बघायला निम्मं गाव जमलं. "मुंबईचं कातडं!" म्हणून भावोजी पोट धरून हसत होते. हसताना त्यांचे डोळे पार मिटायचे. तो चेहरा शेवटच्या तीन वर्षांत मी एकदाही पाहिला नाही, आणि त्याचा राग मला अजून आहे. कुणावर, ते मात्र धड सांगता येत नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला रास दाखवली. उन्हाळाभर सगळ्या घरांनी काढलेलं मीठ तिथे एका जागी ओततात, वर गवत घालून चिखलाने लिंपतात आणि पावसाळाभर झाकून ठेवतात. पाऊस सरला, बाजारातलं मीठ संपत आलं की भाव चढतो. तेव्हा रास उघडायची. पण कधी, हे ठरवणारा माणूस एकच. आधी भावोजींचे वडील ठरवायचे, मग भावोजी. त्या हाताला आधी विचारायचं नाही आणि नंतर बोल लावायचा नाही, अशी गावाची रीत. हिंदू असो की इनाससारखा ख्रिस्ती, रीत सगळ्यांना सारखी. मी हसलो तेव्हा भावोजी म्हणाले, "दहा तोंडं बोलायला लागली तर एखादा घाबरट भर पावसात रास फोडतो, मेहुणे. मग मिठाचं पाणी व्हायला कितीसा वेळ?" मला ते पटलं होतं. मिठापुरतं ते खरंही होतं.

गावाचं एकच स्वप्न होतं, दगडी बांधाचं. खाडी आणि भातशेती यांच्या मध्ये मातीचा बांध, आणि दरवर्षी पावसाळ्याआधी सगळ्यांनी त्यावर माती चढवायची. एक वर्ष जरी आळस झाला तरी उधाणाचं पाणी शेतात शिरायचं आणि जमीन खारी व्हायची. दगड आणि सिमेंटचा पक्का बांध झाला की ही धास्ती जन्माची संपली. लढाईच्या आधी दोन-तीन हंगाम मिठाला भाव चांगला मिळाला, घराघरांनी थोडंथोडं बाजूला टाकलं, पण बांधाला ते पुरेना. तेव्हा भाईंदरच्या एका मिठाच्या व्यापाऱ्याने विजेच्या कंपनीचे शेअर घ्यायचा सल्ला दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही. भावोजी मुद्दाम माझ्याबरोबर मुंबईला आले. संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे एकदम लागले ते त्यांनी मान वर करून पाहिले आणि म्हणाले, "हे काय आता विझणार आहेत थोडेच?" शेअर घेतले ते त्यांच्या एकट्याच्या नावावर. तसं कुणी सुचवलंदेखील नाही, आपोआपच झालं. राशीचा हात तोच शेअरचा हात.

दिवे विझले. लढाई सुरू झाली, पुढे जपान तिच्यात उतरला आणि मुंबईत खिडक्यांना काळे कागद लागले. कोळशाच्या वाघिणी लष्कराच्या कामाला गेल्या, आमची कंपनी तर सगळी कोळशावर चालणारी. आज बाँब पडणार, उद्या पडणार म्हणून माणसं ट्रंका घेऊन मुंबई सोडत होती. काही भाईंदरलाही येऊन राहिली. शेअरचा भाव असा कोसळला की मला राईची वाट चालायला नको वाटे. मी म्हटलं, भावोजी, निघेल ते काढून घ्या. त्यांनी शांतपणे सुपारी कातरली. "भर पावसात रास उघडतात का, मेहुणे?" आणि गंमत अशी, की त्या वेळी त्यांचंच खरं ठरलं. बाँब काही पडले नाहीत. गिरण्या रात्रंदिवस लष्कराचं कापड विणायला लागल्या, त्यांना वीज हवी, आणि बघता बघता भाव घेतल्या किमतीच्या पुष्कळ वर गेला. तो शनिवार मला आठवतोय. मी स्टेशनपासून जवळजवळ पळतच गेलो होतो.

"विका, आत्ता विका," मी ओरडलो.

"लढाई संपली का?"

"नाही. पण भाव..."

"मग पाऊस चालू आहे." वर म्हणाले, सिमेंट सगळं लष्कराला जातंय, पैसे आणून करायचं काय, उशाला घेऊन झोपायचं? त्यात तथ्य होतं, पण माझ्या डोक्यात संताप उसळला. परत जाताना इनास मला सोडायला स्टेशनपर्यंत आला. याची शेती बांधाला अगदी लागून, उधाण आलं तर पहिला घास याचा. वाटेत हळूच म्हणाला, "भाऊ, तुमी सांगा ना दादाला. आता इकून टाकायला पायजे."

"तू का नाही सांगत? तुझा वाटा आहे त्यात."

"आमी कसं बोलनार? रीत हाय ना." आणि तो असा दचकून मागे पाहायला लागला, जणू त्याने चोरी केली होती. त्याच्या तोंडून ते एक वाक्य भावोजींसमोर निघतं तर आज राईला दगडी बांध असता, असं मला वाटतं. निदान दगड तरी असते.

लढाई संपली. मिठाच्या हिशेबाने आता भाव चढायला हवा होता, आणि भावोजी देव पाण्यात घालून बसले. पण बाजाराचा पावसाळा उलटा निघाला. लढाई होती तोवरच कंपनीचं पीक होतं. गिरण्यांच्या पाळ्या कमी झाल्या, कोळसा महाग तो महागच राहिला आणि तूट भरून काढायला कंपनीने घरगुती विजेचे दर वाढवले. मग लोक खवळले. आमच्या कचेरीखालून मोर्चे जायचे, आम्ही कारकून खिडकीत. बाया कंदील उंच धरून घोषणा द्यायच्या, वस्त्याच्या वस्त्यांनी बिलं भरायचं थांबवलं, कंपनीच्या दारावर दगड पडले. वर्तमानपत्रं रोज लिहीत होती की असली कंपनी सरकारने ताब्यात घ्यावी. आणि मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी भाव खाली, अग्रलेख आला की आणखी खाली. मी हे सगळं राईला जाऊन सांगायचो. मला वाटायचं भावोजी मोर्चेवाल्यांना शिव्या घालतील. ते म्हणाले, "बरोबर आहे लोकांचं. दिव्यासाठी इतके पैसे कुठून आणतील?" मग खाडीकडे बघत म्हणाले, "बरं आहे त्यांचं. तोंडाने बोलतायत तरी."

तेव्हा मला त्या बोलण्याचा अर्थ लागला नाही. तोवर शेअर विकायला काढले तरी घेणारा मिळेना. भावोजींनी शेवटी विकायचा निर्णय घेतला होता, पण गिऱ्हाईकच नव्हतं. ते हे सांगत होते आणि ताई स्वयंपाकघरात भांडी उगाचच जोराने घासत राहिली.

त्यानंतरच्या भाद्रपदात बांध फुटला. दोष नुसत्या उधाणाचा नव्हता. आता दगडी बांध होणारच आहे म्हणून गेली काही वर्षं माती चढवायच्या कामात सगळ्यांनीच हात आखडता घेतला होता. पोटरीला आलेला भात खाऱ्या पाण्यात उभा राहिला आणि आठवड्यात काळा पडला. इनासचं तर सगळंच गेलं. त्याचे दोन्ही मुलगे मजुरीला वसईकडे गेले ते अजून आलेले नाहीत. मी पोचलो तेव्हा सगळा गाव बांधावर उभा होता आणि भावोजी मधोमध. कुणी काही बोलत नव्हतं. कुणी रडतही नव्हतं. बायका आल्या, पाणी पाहिलं, भावोजींना पाहून पदर सावरला आणि परत गेल्या. अखेर तेच ओरडले, "अरे, बोला काहीतरी! मी बुडवलं तुम्हाला. शिव्या द्या, थुंका माझ्यावर, इनास, तू तरी बोल!"

इनासने खाली पाहिलं. "रास उघडनाऱ्याला बोल लावत न्हाय, दादा. तुमी काय मुद्दाम केला?"

असा दयाळूपणा मी कुठे पाहिला नाही, आणि इतका क्रूरपणाही. कुणी भावोजींची कॉलर धरली असती तर ते भांडले असते, रडले असते आणि जगलेही असते. भांडणाला शेवट असतो. या गप्प बसण्याला शेवटच नव्हता. दुसऱ्या दिवसापासून ते टोपली घेऊन एकटेच भगदाडात माती टाकायला लागले. मागोमाग गावही यायचं, शेजारी उभं राहून टाकायचं, तेही मुकाट्यानेच. भरतीला ती माती वाहून जायची. वर्षभर हे चाललं. कंबरभर चिखलात उभं राहून राहून छातीत कफ झाला, डॉक्टर न्युमोनिया म्हणाला, आणि थंडीच्या सुरुवातीला सगळं आटोपलं. शेवटच्या शनिवारी मी गेलो तेव्हा त्यांनी भाव विचारला नाही. माझा हात धरून म्हणाले, "मेहुणे, तुम्ही तरी मला त्या दिवशी ओरडलात हो." त्यांना बरं वाटलं असावं. मला अजून वाटत नाही.

तेराव्याचं जेवण झालं आणि माणसं उठेनात. शेअर आता ताईच्या नावावर व्हायचे. एक दलाल रद्दीच्या भावाने घ्यायला तयार आहे, त्यात निदान भगदाड बुजवण्याइतकं काम पावसाळ्याआधी होईल. उलट थांबलं तर सरकार कंपनी घेईल आणि काही भरपाई देईल असं बोललं जातंय. देईल की नाही आणि कधी, कोण जाणे. हे मी सगळं नीट समजावून सांगितलं. ओटीवर गाव दाटीने बसलं होतं. फक्त भिंतीला टेकून भावोजी बसायचे तेवढी हातभर जागा मोकळी होती, तिथे कुणाचा गुडघासुद्धा लागलेला नव्हता. ताई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "मला एकटीला विचारू नका. ह्यांना एकट्याला सोडलंत, त्याचं काय झालं ते पाहिलंत ना? आज सगळ्यांनी बोलायचं. चुकलं तर सगळ्यांचं चुकेल. इनासभाऊ, तुम्ही सुरुवात करा."

कुणी मान वर केली नाही. खालच्या पाटात ओहोटीचं पाणी उतरत होतं, तेवढाच आवाज. ताईने एकेकाचं नाव घेतलं. ज्याचं नाव घेई तो जमिनीकडे बघे. शेवटी इनास म्हणाला, "वयनी, तुमी सांगाल तसा."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मी काहीतरी म्हणेन असं तिला वाटलं असावं. वीक म्हण, थांब म्हण, नाहीतर या सगळ्यांना घरी हाकलून दे. मीही जमिनीकडे पाहिलं. मग तिने पदर खोचला, माणसांतून वाट काढत गेली आणि भिंतीजवळच्या त्या मोकळ्या जागेवर जाऊन बसली.