किरनापूरचे ओटीचे तांदूळ

मास्तर धावायचे आणि मी घरी बसून जळायचे. आमच्या संसाराचं पहिलं वर्ष विचाराल तर असं गेलं. मास्तर म्हणजे माझे यजमान. सगळा बालाघाट त्यांना मास्तर म्हणायचा, म्हणून माझ्याही तोंडी तेच बसलं. आमचा जिल्हा नागपूरपासून तुटून भोपाळकडे गेला, त्याला तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील.

मास्तरांनी खूळ घेतलं होतं ते असं. सरकारी दवाखान्यात बाळंतिणींसाठी वेगळी खोली बांधायची. ते लहान असताना त्यांची आई बाळंतपणासाठी शहराकडे येता येता वाटेतच, बैलबंडीत गेली होती. म्हणून त्यांनी जाहीर केलं, की जे गाव बोलावेल तिथे मी मोटारीने नाही, धावत येईन. गावाने खळ्यावरून घरटी सूपभर धान द्यावं. ते विकून खोली उभी राहील. धानाची कापणी झाली होती, लोकांचा हात सैल होता. मास्तर रोज पहाटे खाकी चड्डी घालून निघायचे आणि शाळेच्या घंटेपर्यंत परत यायचे. रविवारी लांबची गावं. धान आणायला एका शेतकऱ्याची बंडी पोती घेऊन जायची.

लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं. गावोगावच्या बाया त्यांना पाटावर उभं करून कोमट पाण्याने पाय धुवायच्या, हळद लावायच्या. तेच पाय संध्याकाळी माझ्या वाट्याला यायचे, जवसाचं तेल चोळायला. चोळता चोळता मी विचारायचे, आज कोणत्या गावाने पाय धुतले? मास्तर अर्धं वाक्य बोलून घोरायला लागायचे. सिनेमाला चला म्हटलं तर पाय दुखतात, माहेरी चला म्हटलं तर रविवारी अमक्या गावाने बोलावलंय. दुसऱ्या बाईवर जळणं सोपं, तिला निदान नावं तरी ठेवता येतात. मी रस्त्यावर जळत होते, धानाच्या पोत्यांवर जळत होते, आणि खरं सांगते, जिला कधी पाहिलंही नाही त्या मेलेल्या सासूवरसुद्धा. शेजारीण म्हणायची, "मोठी पुन्यवान हायेस बाई तू." मी हौ म्हणायचे आणि आत जाऊन भांडी आपटायचे.

अशात किरनापूरच्या बायांचा निरोप आला. "मास्तर येकटेच काहून येतात? मास्तरीणबाईले बी आणा, आमाले तिची ओटी भराची हाय."

मला कोणीतरी बोलावलं होतं! मी लग्नातलं हिरवं लुगडं नेसले आणि रविवारी सकाळच्या मोटारीने गेले. वाटेत खिडकीतून मास्तर दिसले. मी हात केला, पण ते खाली मान घालून धावत होते.

किरनापूरला एका म्हाताऱ्या बाईने मला पाटावर बसवलं. ओंजळीने पदरात तांदूळ घातले, वर नारळ, हळकुंड, सुपारी. मग कानाशी येऊन म्हणाली, "पुढच्या साली कडेवर लेकरू घेऊन ये, पोरी. आन हे तांदूळ तूच शिजवून खाजो. कोणाले देऊ नोको."

पदराची गाठ पोटाशी धरून मी बंडीपाशी आले. मास्तर पोत्याचं तोंड उघडून उभे होते. त्यांनी हसत हसत स्वतःच माझी गाठ सोडली आणि तांदूळ पोत्यात ओतले. नारळ तेवढा माझ्या हातात राहिला. पुरुष ओरडले, "वा मास्तर!" म्हातारीने मात्र तोंडाला पदर लावला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

त्या संध्याकाळी मी तेलाची वाटी काढली नाही.

"काय झालं?" मास्तरांनी विचारलं.

"ते माहे तांदूळ होते."

"अवं, चांगल्याच कामाले गेले न?"

"तुमचं सगळंच चांगल्या कामाले जाते. मीच तेवढी घरी उरली." मग ओटी कशासाठी भरतात, ते तांदूळ कोणी खायचे असतात, हे मी त्यांना रडत रडत सांगितलं.

मास्तरांनी तेलासाठी पुढे केलेले पाय मागे घेतले. "मले ठाऊकच नव्हतं," ते म्हणाले. "आमच्या घरात सांगाले बाईच नव्हती."

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून सुट्टी घेतली. तापातही न घेणारा माणूस! पहाटेच चड्डी घालून निघाले. मी समजले, आलं असेल आणखी एखाद्या गावाचं बोलावणं. त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही. दिवेलागणीला ते मोटारीतून उतरून लंगडत घरी आले आणि गमछ्याची गाठ माझ्यासमोर ठेवली. आत तांदूळ होते आणि एक हळकुंड.

"त्याच म्हातारीकडून आणले. आधी लय शिव्या देल्ल्या तिनं."

"जाताना तरी मोटारीनं जाचं होतं न."

"मोटारीनं गेलो असतो तं तुले खरं वाटलं नसतं."

त्या दिवशी बरोबर ना बंडी होती, ना पोतं. कोणी पाय धुतले नव्हते. मी तेलाची वाटी काढली, आणि नंतर तांदूळ शिजायला ठेवले.

पुढे ती खोली झाली. तिच्या उद्घाटनाला मी मांडीवर लेक घेऊन पहिल्या रांगेत बसले होते. मंडपात सगळ्या गावांचे लोक होते. एक पुढारी हिंदीतून भाषणाला उभे राहिले. मास्तरांची गावं सांगून झाली, पोती सांगून झाली, आणि मग आवाज चढवून ते म्हणाले, "और भाइयो, एक दिन तो मास्टरजी अपनी पत्नी के मुट्ठीभर चावल के लिए किरनापुर तक दौड़े!" म्हातारीने सगळ्या गावाला सांगितलं असणार. टाळ्या थांबेनात. शेजारीण डोळे पुसत होती.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. वर्षभरातली ती एकच धाव माझी होती, आणि तीही या लोकांनी घेतली. स्टेजवरून मास्तर ओशाळून माझ्याकडे बघत होते. मी लेकीला छातीशी धरून बसले. म्हटलं, बोला काय बोलायचं ते. तो भात मी एकटीने खाल्ला होता. माझ्यासाठी धावलेले, दिवसभराचे उपाशी मास्तर समोर बसून ताटाकडे बघत होते, आणि मी त्यांना एक शीतसुद्धा दिलं नव्हतं.