माहुलीचं पाणी

चैत्र वद्य पंचमीच्या सकाळी आईने उशाखालून एकवीस रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. सगळी एकेक रुपयाची नाणी. खोलीत आई, माझी पत्नी आणि मी असे तिघेच होतो. तापातून उठल्यापासून आईने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, औषधाचं काम संपलं, आता पोटात काही गेलं नाही तर अवघड आहे. पण तिचं एकच चाललं होतं. "माहुलीचं घोटभर पाणी आण, मग जेवती. आन् हे एकवीस कृष्णाबाईच्या ओटीत घाल."

साताऱ्याजवळची माहुली हे तिचं माहेर. कृष्णा-वेण्णेच्या संगमावर वाढलेली ही मुलगी लग्न होऊन आमच्या कवठे महांकाळच्या कोरड्या रानात आली, आणि मग माहेरी जाणं कमी कमी होत थांबलंच. खरं सांगायचं तर मला हा हट्ट पटला नव्हता. मी पतसंस्थेत हिशेब तपासणारा माणूस. देव मानतो, पण पाणी ते पाणी, अशी माझी समजूत. तरी त्याच दिवशी निघालो आणि साताऱ्यात मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी घाटावर उतरलो तेव्हा नदीवर धुकं होतं. पायऱ्या पाण्यात कुठे शिरतात ते दिसत नव्हतं. तांब्याची बाटली भरली, घड्याळ पाहिलं आणि स्टेशनकडे धावलो. गाडी सुटल्यावर खिशात नाणी वाजली. ओटी भरायची राहिली होती. आजवर कुणाचा रुपया थकवला नाही, आणि नदीचेच एकवीस थकवून आलो.

बाटली मांडीवर धरून खिडकीशी बसून राहिलो. या वाटेवर नदी सहसा दिसत नाही. उजव्या हाताला लांबवर उसाची हिरवी पट्टी दिसते, तिच्यावरून ती कळते. पट्टी जवळ येई, लांब जाई, डोंगराआड नाहीशी होऊन पुन्हा भेटे. कऱ्हाडानंतर माझे डोळे मिटू लागले. गाडी उभी आहे आणि पलीकडून कुणीतरी बाई डोक्यावर पदर घेऊन आपल्या चालीने पुढे चालली आहे, असं काहीसं वाटत होतं.

खोकल्याने जागा झालो. समोर बसलेल्या म्हाताऱ्या फौजीने नातू भरती झाला म्हणून डब्यात कंदी पेढे वाटले होते. त्यांच्याच घशात पेढा अडकला होता. चेहरा काळानिळा झाला, बायको पाठ चोळत होती, आणि त्यांची बाटली रिकामी. मी झाकण काढलं. एक घोट देईन असं मनाशी ठरवलं होतं, पण त्या घशाला कोण आवरणार? बाटली संपली.

"फौजेत गोळ्या चुकवल्या, आन् पेढ्यानं धरलं बगा," ते डोळे पुसत म्हणाले. "लय गार हुतं. कुठलं पाणी?"

"माहुलीचं. आईसाठी नेत होतो."

त्यांच्या बायकोने कपाळावर हात मारला. "आवं, आता काय करायचं ह्यांनी?"

म्हाताऱ्याने रिकामी बाटली माझ्या हातात ठेवली. मग शांतपणे म्हणाला, "कृष्णाबाई हाय ती. तुमी कशाला वाहता? जाती की आपल्या पायानं."

मला राग आला होता. सांगलीला दोघे उतरून गर्दीत मिसळले. मिरजेला गाडी बदलून मी दिवस मावळताना घरी पोचलो. आई दारात भिंतीला टेकून बसली होती. पत्नी म्हणाली, "दुपारी कालव्याला पाणी सुटलं. आवाज ऐकला आणि आपण होऊन उठून बसल्या." हिवाळ्यापासून आमचा कालवा कोरडा होता.

मी रिकामी बाटली पुढे ठेवली आणि घडलं ते सांगितलं. नाणीही दाखवली. आईने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "कालव्याला कुठलं पाणी आलंया?"

"म्हैसाळला नदीतून उपसलेलं."

"म्हंजी कुठल्या नदीचं?"

"कृष्णेचं," म्हणालो आणि थांबलो. फौजीचे शब्द कानात होते. तरी जित्याची खोड. मी सांगू लागलो, की वाटेत कोयना मिळते, येरळा मिळते, वारणा मिळते, तेव्हा त्यात माहुलीचं असं कितीसं…

"माझ्या म्हायेराचा वाटा तू काढू नगंस," आई म्हणाली.

पत्नीने पाणी आणून गाळलं, उकळलं, निववलं. आई एवढंच म्हणाली, "उकळलं म्हणून म्हायेर जातंय व्हय?" तिने घोट घेतला, डोळे मिटून बराच वेळ तोंडात धरला. मग मऊ भाताचे चार घास खाल्ले. दुसऱ्या दिवशी सहा. आता काठी घेऊन अंगणात फिरते.

याला काय म्हणावं ते मी ठरवत नाही. पाणी कुणी सोडलं, का सोडलं, याची कारणं कार्यालयात लिहिलेली असतीलच. मला एवढंच कळलं, की जे मी दोन जिल्हे ओलांडून उचलून आणत होतो ते माझ्याआधी वाटेला लागलं होतं, आणि माझ्या हातून सांडलं तरी वाट चुकलं नव्हतं. तेव्हापासून माझी मूठ थोडी सैल झाली आहे.

मी परतल्याच्या दुसऱ्या सकाळी आईला खुर्चीवर बसवून कालव्यावर नेलं. पत्नीने खणानारळाने ओटी भरली. आईने एकवीस नाणी एकेक करून पाण्यात सोडली. एकवीस रुपये, कृष्णाबाईला पोचते केले. पावती मागितली नाही.